मतपत्रिकेवर श्री

जपानची संसद बरखास्त झाल्याची बातमी आली तेव्हा मी गॅरेजपुढच्या उतारावर मीठ पसरत होते. आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये हिवाळाभर हे रोजचंच काम. बर्फ काढायला शेजारचा निखिल मशीन घेऊन येतो, पण मीठ मी त्याला टाकू देत नाही. तो मुठीमुठीने कुठेही फेकतो आणि मला ते सगळीकडे सारखं लागतं. कोटाच्या खिशात फोन थरथरला. हातमोजा दातात धरून काढला आणि नीलूचा मेसेज वाचला, "आई, इथे इलेक्शन डिक्लेअर झालं. परत गाड्या सुरू."

परत गाड्या सुरू. बर्फात उभी असून मला एकदम उकडल्यासारखं झालं. नाकाशी कोमट तिळाच्या तेलाचा वास आला आणि कानात ते किडे किरकिरायला लागले, तिकडच्या उन्हाळ्यात झाडाझाडावर बसून दिवसभर कोकलणारे.

मीना आणि रेन, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मीना, तुला मराठी वाचता येतं, सावकाश का होईना. रेनला तू वाचून दाखव. तो मध्येच उठून जाईल, तर जाऊ दे, परत आला की पुढचं वाच. मी थकले आहे हे आधीच सांगून ठेवते. गुडघे थकले आहेत ते वेगळं. मी निवडणुकांनी थकले आहे, इथल्या आणि तिथल्याही. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी येऊन या देशात कोण आपलं आणि कोण परकं याचा हिशेब नव्याने मांडतं, आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की आपण इतकी वर्षं राहिलो ते बहुधा कुणी नीट पाहिलंच नाही.

तरीही निवडणुकीच्या दिवशी मी इथल्या शाळेतल्या केंद्रावर कामाला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षं झाली. नाव शोधायचं, सही घ्यायची, कागद द्यायचा, बाहेर पडताना छातीवर चिकटवायला स्टिकर द्यायचं. कागद देताना एक वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की झोपेतही म्हणेन, नेमून दिलेल्या जागेबाहेर कुठेही खूण करू नका. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

रेन, त्या उन्हाळ्यात तू अकरा दिवसांचा होतास.

तुमच्या जपानातही लेकीने बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत आहे, हे तुमच्या बाबांनी मला सांगितलं तेव्हा मला ते लोक एकदम जवळचे वाटले होते. पण नीलूचं माहेर पडलं समुद्रापलीकडे ओहायोत, म्हणून माहेरच तिच्याकडे गेलं. दोन बॅगांत अळीव, डिंक, बाळंतशोपा, जुन्या सुती साड्यांची लंगोटं आणि तुमच्या आजोबांनी चिठ्ठ्या लावून दिलेली औषधं. आजोबा स्वतः आले नाहीत. "मी डॉक्टर असून तिथे मला कुणी विचारणार नाही, आणि इथे पेशंट विचारतात," म्हणाले. नागोयाजवळचं ते लहानसं गाव, अरुंद गल्ली, समोरासमोर घरं, कुंड्या ओळीने मांडलेल्या. मला ते पाहताक्षणी आवडलं. कचऱ्याचे इतके प्रकार करून इतक्या वारी ठेवणारं गाव मला न आवडून कसं चालेल!

मीना, तू साडेपाच वर्षांची होतीस. तुला बालवाडीत सोडायला मी जायची. वाटेत बागेच्या कोपऱ्यावर एक मोठी लाकडी पाटी उभी केली होती, तिच्यावर आखलेले चौकोन आणि प्रत्येक चौकोनाला आकडा. पहिल्या दिवशी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी काही चौकोनांत चेहरे आले. मला फार कौतुक वाटलं. आमच्याकडे निवडणूक म्हटली की मिळेल ती भिंत आणि ओहायोत मिळेल ते अंगण. इथे प्रत्येकाला सारखाच चौकोन, ना कुणी वर ना कुणी मोठा. मी त्या पाटीवर तुला मराठी आकडे शिकवले. एक म्हणजे लाल टायवाला, दोन म्हणजे हसरी मावशी, तीन म्हणजे चष्मा. चार नंबरला रुंद कपाळाचे, थोडेसे घाबरल्यासारखे दिसणारे एक गृहस्थ होते. तू त्यांना चार काका म्हणायला लागलीस.

शेवटचे काही चौकोन रिकामेच राहिले होते.

"आजी, हे कोणाचं?"

"कुणाचंच नाही. कुणी उभं राहिलं तर त्याचं."

तू विचार करून म्हणालीस, "मग तुझं." आणि घरी येऊन माझं चित्र काढलंस, कपाळाला लाल टिकली, डोक्यावर पांढरा भोपळा. तो माझा अंबाडा होता. ते चित्र त्या चौकोनात लावायचंच म्हणून तू दोन दिवस रडलीस. पाटीला हात लावणं गुन्हा आहे हे तुझ्या बाबांनी तुला मांडीवर घेऊन समजावलं. ते चित्र अजून माझ्याकडे आहे, पारदर्शक पिशवीत, मागे तारीख घालून.

आणि मग त्या गाड्या. पांढरी व्हॅन, टपावर भोंगे, खिडक्यांतून हलणारे पांढरे हातमोजे आणि एका बाईचा गोड, दमलेला आवाज. तो आवाज फक्त एक नाव सांगायचा. पुन्हा तेच नाव, मग विनंती, मग पुन्हा तेच नाव. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई, भाषणं ऐकत वाढलेली. मला राहवेना. "योसुकेराव, ही माणसं काही सांगत का नाहीत? काय करणार, कसं करणार?" तुमचे बाबा मला आई-सान म्हणतात आणि मी त्यांना योसुकेराव म्हणते, यावर त्यांच्या ऑफिसातले लोक अजून हसतात म्हणे. ते म्हणाले, "आई-सान, आमच्याकडे मत देताना नाव हाताने लिहायचं असतं. पेन्सिलने. म्हणून नाव लक्षात राहायला हवं."

हाताने नाव लिहायचं! मला हे इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी आजोबांना फोनवर तेच सांगितलं. शिक्का मारण्यापेक्षा, गोल काळे करण्यापेक्षा केवढं मानाचं. एखाद्याला निवडायचं तर निदान त्याचं नाव नीट लिहिता यायला हवं. "आणि त्यावर दुसरं काही लिहिलं की मत बाद," असंही योसुकेराव म्हणाले होते. "छान केलंत, शाबास, असं काहीही." मी मान डोलावली. नियम म्हणजे नियम.

पण रेन, तुझ्या आंघोळीच्या वेळी त्या व्हॅनने नेमकं आमच्या गल्लीत यावं, हे मला सोसत नव्हतं. न्हाणं झालं की तुझा डोळा लागायचा आणि तेवढ्यात भोंगा. तू दचकायचास, हात-पाय ताणून रडायचास. नीलूला रात्रभर झोप नाही, तिचे डोळे खोल गेलेले. चौथ्या दिवशी मी तुला पायांवर घेऊन तेल लावत होते आणि भोंगा वाजला. मी तुला नीलूच्या मांडीत दिलं आणि तशीच, गाऊनवर, तेलाच्या हाताने रस्त्यावर गेले. व्हॅनसमोर उभी राहिले, ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरा हात जोरजोरात हलवला. थांबा!

गाडी थांबली. आतून चार काका उतरले आणि धावत माझ्याकडे आले. त्यांना वाटलं, कुणी उत्साही म्हातारी पाठिंबा द्यायला बाहेर आली आहे. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या पांढऱ्या हातमोज्यांत घेतले आणि कमरेत वाकले. मी "नो, नो, बेबी, बेबी" म्हणते आहे आणि ते वाकताहेत. हातमोज्यांवर तेलाचे पिवळे डाग पसरत चालले होते. एवढ्यात मीना, तू दारातून ओरडलीस, जपानीत, खणखणीत. आजीला मत नाही! आजी अमेरिकेची आहे! बाळ झोपलंय!

ते सरळ झाले. मग त्यांनी हातमोज्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारात रेनला घेऊन उभ्या असलेल्या नीलूकडे पाहिलं आणि हसले. ते पाटीवरच्या फोटोतलं हसू नव्हतं. ते आधीपेक्षा खाली वाकले. मत नसलेल्या बाईपुढे. वळून त्यांनी ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि भोंगा बंद झाला. त्या दिवसापासून ती व्हॅन आमच्या गल्लीतून जायची तेव्हा मुक्याने जायची. फक्त हातमोजे हलायचे. आणि आपण तिघी, मांडीवरच्या रेनसकट, खिडकीतून हात हलवायचो.

ते निवडून आले नाहीत. मला वाईट वाटलं होतं. एका परक्या देशातल्या, नावही नीट उच्चारता न येणाऱ्या माणसासाठी वाईट वाटलं, हे आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं आता तिथलंही मत झालं म्हणायचं."

त्याच उन्हाळ्यात मी तुला अक्षरं शिकवायला बसवलं, मीना. वही उघडली की आधी वर मधोमध श्री, मग पुढचं. नागपूरला माझ्या वडिलांनी मला तसं बसवलं होतं. पत्र असो, पेपर असो, वाण्याची यादी असो, वर श्री. आजही माझी किराण्याची यादी तशीच सुरू होते आणि अश्विनी, निखिलची बायको, दुकानात मला चिडवते, "काकू, देवाला कोथिंबीर आणायला सांगताय का?" तू विचारलं होतंस, कशाला लिहायचं? मी म्हटलं, "हाताला सांगायचं, आता नीट लिही." तुला ते पटलं. तुझ्या आईला लहानपणी कधीच पटलं नव्हतं.

मग बारा वर्षं गेली. आजोबा गेले. शनिवारी सकाळी साडेसातला माझा चहा आणि तुमची रात्रीची जेवणं उरकलेली, असा आपला फोन. तुझ्या परीक्षा आल्या की मी विचारायची, श्री लिहिलंस का? आणि तू म्हणायचीस, "येस आजी, प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, टायनी."

आता या हिवाळ्यातलं.

गेल्या महिन्यात नीलूने सांगितलं की योसुकेरावांच्या कंपनीने त्यांना ओहायोच्या कारखान्यात यायला विचारलं आहे. गाडीचे सुटे भाग बनवणारी त्यांची कंपनी, तिचा एक कारखाना माझ्या घरापासून गाडीने चाळीस मिनिटांवर. उत्तर निवडणुकीनंतरच्या सोमवारी द्यायचं. मी फोनवर "बरं, विचार करा" एवढंच म्हटलं. फोन ठेवला आणि मोजायची टेप घेऊन वरच्या मजल्यावर गेले. रेन, खिडकीकडची खोली तुझी, पलंग भिंतीला लावला तर टेबलही मावतं. मीनाला आजोबांची अभ्यासिका. त्यांच्या कपाटातली वैद्यकीय पुस्तकं मी खोक्यांत भरली, खोक्यांवर यादी चिकटवली. हे नीलूला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. फक्त अश्विनीने ती खोकी पाहिली.

"काकू, शिफ्ट होताय?"

"नाही गं. लेक येईल कदाचित."

"वॉव! मग इतक्या टेन्शनमध्ये का?"

"जपानच्या निवडणुकीवर अवलंबून आहे."

"काय यार काकू! इथलं टेन्शन कमी पडलं का तुम्हाला? निखिलच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलंय, आम्ही दिवाळीला जाणार होतो ते कॅन्सल केलं, आता आईच्या साठीलाही जाता येईल की नाही देव जाणे. आणि लेक तुमची इकडे सुखाला येतेय?"

ती हसत म्हणाली, पण मला ते वाक्य दिवसभर पुरलं.

नीलू अशी मुलगी नाही की कुणी काही बोललं म्हणून घर सोडेल. बावीस वर्षं ती तिथे आहे. गावातल्या अर्ध्या पोरांना तिने इंग्रजी शिकवलं. पण मध्यंतरी स्टेशनबाहेर काही लोक पत्रकं वाटत होते. तिच्या पुढच्या बाईला दिलं, मागच्या मुलाला दिलं. "मला दिलं नाही, आई. हात पुढे आला होता, चेहरा बघून मागे घेतला." पत्रक घेऊन ती करणार काय होती, तिला तिथे मत नाही. पण तो मागे गेलेला हात तिच्या मनातून जात नाही. पत्रक बाहेरून येऊन राहिलेल्या माणसांबद्दलच होतं, हे तिने नंतर केराच्या डब्यातून काढून वाचलं. त्यावर फोटो होता. रुंद कपाळ, केस पांढरे झालेले.

"चार काका," तू मला त्या शनिवारी फोनवर सांगितलंस, मीना. "आजी, ही चेंज्ड हिज पार्टी."

जपानी पक्ष मला पाठ होत नाहीत. एक पक्ष घरातल्या जुन्या कपाटासारखा आहे, मध्ये एक-दोनदा हलवला गेला, पण फिरून त्याच भिंतीला लागला. बाकीचे फुटतात, जुळतात, नवं नाव घेतात आणि मला वाटतं ही नवीन माणसं आहेत, तर चेहरे जुनेच. तू मला समजावलं होतंस, "आजी, थिंक ऑफ नातेवाईक. यांचं त्यांच्याशी बोलणं बंद, पण लग्नात एकाच पंगतीला." मी फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर तक्ता आखला. डावीकडे पक्ष, नावं न लिहिता रंगांनी. वर रकाने, तांदळाचा भाव आणि खाण्यावरचा कर, म्हातारी माणसं, सैन्य, बाहेरून आलेले लोक. तू सांगत गेलीस, मी भरत गेले. चार काकांच्या नव्या पक्षाच्या ओळीत शेवटच्या रकान्याशी आल्यावर तू म्हणालीस, "आजी, हे आपण नको लिहूया." तो चौकोन मी रिकामा ठेवला.

किती दिवस त्या माणसाचा विचार करते आहे. डाग पडलेल्या हातमोज्यांनी माझ्यापुढे वाकलेला माणूस खोटा होता का? मला तसं वाटत नाही. आंघोळ झालेल्या बाळासाठी त्याने भोंगा बंद केला, ते माझं मत मिळणार नाही हे कळल्यावर. आणि आता तोच भोंग्यातून हे बोलतो आहे. दोन्ही खरं आहे, हेच पचायला जड जातं. हरून हरून माणसाला काय होतं ते मला माहीत नाही. रागही पुरेसा येत नाही. रागाला जोर लागतो.

मीना, तुझी कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा नेमकी मतदानाच्या रविवारी आली, म्हणून तू बुधवारीच, शाळा सुटल्यावर, आगाऊ मतदान करायला गेलीस. अठरा पूर्ण होऊन तुला तीन महिने झाले होते. तुमच्या घरात दोन मतं, बाबांचं आणि तुझं. आईचं नाही. तू मला म्हणाली होतीस, "मी आईचं पण देणार, माझ्या आत घालून."

बुधवारी सकाळी मी चहा घेऊन बसले. फोन आला. तुझा चेहरा पाहूनच मला कळलं, काहीतरी झालं आहे.

"आजी, आय डिड समथिंग सो स्टुपिड."

"काय झालं? आत जाऊ दिलं नाही?"

"दिलं. सगळे नाइस होते. पेपर दिला, पेन्सिल दिली. ते बूथ एक्झॅमच्या डेस्कसारखं होतं, आजी. मी महिनाभर रोज मॉक टेस्ट देतेय ना. मी बसले आणि..." तू बोटाने हवेत अक्षर काढलंस. "मी वर श्री लिहिलं."

मी कप खाली ठेवला.

"छोटंसं. मला कळलंच नाही. मग त्या बाईंचं नाव लिहिलं, चार काकांच्या अगेन्स्ट ज्या उभ्या आहेत. एकदम नीट. फोल्ड केलं, बॉक्समध्ये टाकलं. मग सेकंड पेपर दिला, पार्टीचं नाव लिहायचा. पेन्सिल घेतली तर हात परत वर गेला. तेव्हा कळलं."

वीस वर्षं केंद्रावर बसलेली बाई माझ्या तोंडून आधी बोलली, "अगं, मग कागद बदलून मागायचा!"

"आजी, तो बॉक्समध्ये होता."

हो. पेटीतलं परत निघत नाही. हे मीच लोकांना सांगते.

मला काय वाटलं ते कसं लिहू? नेमून दिलेल्या जागेबाहेर खूण करू नका, हे मी हजार अनोळखी माणसांना सांगितलं. आणि माझ्या स्वतःच्या नातीच्या हातात मी बारा वर्षं ती खूण घालून ठेवली होती. तिच्या आईला नसलेलं मत, तिने आत घालून नेलेलं, माझ्या श्रीने बाद केलं. मला रडू आलं. तुला वाटलं मी रागावले.

"आजी, डोंट क्राय ना. दुसरा पेपर आणि तो तिसरा, सुप्रीम कोर्टाचे जजेस ठेवायचे की नाही तो, बरोबर दिला मी. आणि कोणी एक आजोबा पेटी उघडतील, बघतील, हे काय चित्र काढलंय म्हणतील." तू हसलीस. मीही हसले, नाक पुसत. "नेक्स्ट टाइम नाही लिहिणार."

"पुढच्या वेळी?"

पाठीमागे रेन काहीतरी खाताना दिसत होता. तू फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेलीस, दार लावलंस.

"आजी, मला यायचं नाहीये. म्हणजे, तुझ्याकडे यायचंय, खूप. पण राहायला नाही. मला इथे परत मत द्यायचंय. नीट." आणि मग अगदी हळू, "आईला मी सांगू शकत नाही. तिला तो हात मागे घेतलेला आठवतो. तू सांगशील?"

मी वर पाहिलं, जिन्याकडे. वरच्या खोलीत टेप अजून खिडकीवर होती.

"सांगेन," मी म्हटलं.

आज शनिवार. सकाळी नीलूशी बोलले. फार सुंदर काही बोलता आलं नाही. तिने सरळ विचारलं, "आई, तू एकटी आहेस. तुझ्यासाठी तरी येऊ का?" हा प्रश्न मी महिनाभर मनात ऐकत होते आणि त्याचं उत्तर दर वेळी 'ये' असंच येत होतं.

"माझ्यासाठी नको," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरं सांगायचं तर ये. पण मीनाला विचारून ये. तिचं पहिलं मत माझ्या श्रीने बाद झालंय, नीलू, आणि ती दुसऱ्या मताची वाट बघतेय. अठराव्या वर्षी मला माझ्या गावाचं असं काही वाटलं नव्हतं. तुलाही इथलं वाटलं नव्हतं. तू तर पहिली संधी मिळताच उडालीस."

नीलू म्हणाली, "आणि परत कोणी हात मागे घेतला तर?"

"घेतील. इथेही घेतात. माझ्या टेबलावरून उठून शेजारच्या बाईच्या टेबलावर जाणारे आहेत. मी त्यांनाही स्टिकर देते."

"तू दमत नाहीस का गं?"

"दमते. फार दमते."

ती हसली की रडली, मला कळलं नाही. "बाद मताचं तू मला सांगतेस," ती म्हणाली. "माझ्या वहीवर श्री लिहायला लावायचीस तेव्हा मी खोडून टाकायचे, आठवतं?" आठवतं तर! खोडरबराने कागद फाटायचा. "सोमवारी बघू," म्हणून तिने फोन ठेवला. योसुकेराव मागून ओरडले, "आई-सान, गुड मॉर्निंग!" त्यांच्याकडे तेव्हा रात्र होती.

तर उद्या तुमच्याकडे मतदान. मीना, तू परीक्षेला जाशील तेव्हा गल्ली शांत असेल, मतदानाच्या दिवशी गाड्यांना बंदी असते, हेही तुझ्या बाबांनीच सांगितलेलं. मतं मोजली जातील. कुणीतरी तुझा पहिला कागद उचलेल, वरच्या त्या छोट्या अक्षराकडे बघेल आणि तो बाजूच्या ढिगात ठेवेल. चार काका येतील की पडतील, मला ठाऊक नाही. पडावेत असं वाटतं, आणि पडल्यावर त्यांच्यापुढे कोण वाकेल असंही वाटतं. म्हातारपणी असलं दोन्ही बाजूंनी वाटणं फार दमवतं.

दुपारी मी वर गेले आणि पुस्तकांची खोकी उघडली. अर्धी पुस्तकं परत कपाटात लावली, आजोबांच्या क्रमाने. अर्धी राहू दिली, सोमवारपर्यंत. फ्रिजवरचा तक्ता पुसला आणि त्या जागी पारदर्शक पिशवीतलं ते चित्र लावलं, टिकली आणि भोपळ्यासारखा अंबाडा.

मग हा कागद घेतला. मीना, तू वाचायला घेशील तेव्हा तुला दिसेलच. मी वर आधी श्री लिहिलं, मधोमध, जरा मोठं. मग बराच वेळ पेन तसंच धरून बसले. माझ्या हाताला आता दुसरं काही शिकवता यायचं नाही. तुझ्या हाताला शिकव.